दहा पौंडात विकलेला डॉक्टर: 'कॅप्टन ब्लड' (१९३५) आमच्या गच्चीवर

आधी डिस्कचं सांगतो मग पिक्चरचं, कारण डिस्कनेच जास्त पिडलं. आतेभाऊ अमेरिकेहून दिवाळीला येणार होता, त्याला फोनवर म्हणलं की बाबा मला चॉकलेटं नको, सेंट नको, जुन्या पिक्चरची एखादी डीव्हीडी दिसली तर आण. त्याने 'कॅप्टन ब्लड' आणली. १९३५ चा, वॉर्नर ब्रदर्सचा, ब्लॅक अँड व्हाइट, समुद्रातल्या चाच्यांचा पिक्चर. हौसेने प्लॅस्टिक फाडलं, टीव्हीखालच्या प्लेअरमधे सरकवली, तर स्क्रीनवर एकच ओळ, रीजन चुकीचा आहे म्हणून. रीजन म्हणजे डिस्क कंपन्यांनी जगाचे पाडलेले भाग, एका भागाची डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालू नये म्हणून. अमेरिकेतल्या डिस्का रीजन १ च्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे, म्हणजे पैसे मोजून घेतलेली ओरिजिनल डिस्क चालत नाही आणि स्टँडवर वीस रुपयाला मिळणारी डुप्लिकेट बिनबोभाट चालायची. कंपनीवाल्यांनी चोर पकडायला जाळं टाकलं आणि अडकलो आम्ही. मग ती डिस्क सहा महिने देवघराखालच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमच्या शेजारी पडून.

मे महिन्यात जुना लॅपटॉप काढला, ज्याला अजून डिस्कचा ड्राइव्ह आहे. त्याला डिस्क दिली तर तो विचारतो रीजन बदलू का, आणि खाली लिहिलेलं की पाच वेळाच बदलता येईल, नंतर कायमचं लॉक. बायको म्हणली एका पिक्चरसाठी एवढं? मी ओके दाबलं. पाचाचे चार राहिले.

मंडपवाल्या मित्राकडे प्रोजेक्टर आहे, लग्नात स्क्रीन लावतो तो. तो फुकट मिळाला कारण तिथी नव्हती. आता अमळनेरची मे महिन्यातली गच्ची ज्याला माहितीये त्याला सांगायला नको, दिवसा ४४ डिग्री, रात्री नऊ वाजता पण स्लॅबवर उघडे पाय ठेवायची सोय नाही, चार बादल्या पाणी मारलं तर वाफ निघते नुसती. त्यात आईच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेल्या, त्या खाटांसकट एका बाजूला सरकवल्या, दोन तुटल्या त्याचा हिशोब अजून चालूये. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पांढरी चादर लावली. खाली शेवभाजी अन भाकरी, कैरीचा तक्कू, आणि वर प्रेक्षक म्हणजे आप्पा, आई, बायको, सुट्टीत आलेली भाची नववीतली, आणि शेजारचे एसटीतले ड्रायव्हर काका जे कोणत्याही पिक्चरला नाही म्हणत नाहीत.

माझे आप्पा कंपाउंडर होते. तालुक्यातल्या एका खेड्यात एकाच दवाखान्यात सगळी नोकरी. हे मुद्दाम सांगतोय कारण हा पिक्चर मला वाटला होता तलवारबाजीचा, निघाला दवाखान्याचा, आणि आप्पांनी तो माझ्यापेक्षा जास्त बघितला.

गोष्ट अशी. इंग्लंड, साल १६८५. राजा जेम्स दुसरा, त्याच्याविरुद्ध मॉनमथच्या ड्यूकने बंड केलंय. पीटर ब्लड नावाचा आयरिश डॉक्टर, आधी कुठेकुठे लढाया करून आलेला, आता वीट आलाय त्याला त्या सगळ्याचा, शांतपणे प्रॅक्टिस करतोय. रात्री दारावर थाप पडते, बंडखोरांतला एक बडा माणूस जखमी झालाय, चला. तो बॅग उचलून जातो. तिथे पट्टी करत असतानाच सैनिक येतात अन त्यालाही धरून नेतात. राजद्रोह.

कोर्टाचा सीन लागला आणि आप्पा खुर्चीत पुढे सरकले. जज जेफ्रीज म्हणून आहे, खराखुरा होऊन गेलेला माणूस, त्या वर्षीच्या त्याच्या कोर्टांना इतिहासात 'ब्लडी असाइजेस' म्हणतात, शेकडो लोकं फासावर दिली. पिक्चरमधला जज पण तसाच, आधीच ठरवून बसलेला. ब्लड त्याला सांगतो की माझं काम त्या माणसाच्या जखमेशी होतं, त्याच्या राजकारणाशी नाही. जजच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. आप्पा घरात अहिराणी बोलतात, एकदम मोठ्याने म्हणले, "हाऊ डाक्टर शे ना? मंग याले काबर धरं?" (हा डॉक्टर आहे ना? मग याला का धरलं?) मी पॉज केलं, कारण भाचीला सबटायटल वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं आणि मधे आप्पा सुरू झाले. त्यांच्या दवाखान्यात एकदा बांधावरून हाणामारी झालेल्या दोन्ही पार्ट्या एकदमच आल्या होत्या, एकाचं डोकं फुटलेलं, दुसऱ्याचा हात कोयत्याने उघडलेला. डॉक्टर साहेबांनी आधी हातवाल्याला घेतलं कारण रक्त जास्त जात होतं. तर डोकंवाल्याची मंडळी वर्षभर दवाखान्याची पायरी चढली नाहीत, म्हणे तुम्ही त्यांच्या पार्टीचे. आप्पा म्हणले टाके घालताना पार्टी दिसत नाही, कातडी दिसते. मग म्हणले लाव पुढे.

तर मुद्दा असा की जवळजवळ अर्धा पिक्चर होईपर्यंत चाचेगिरी सुरूच होत नाही, आणि मला तो अर्धा भागच जास्त आवडला. पोस्टर बघून बसलेल्याला वाटेल फसवलं. पण त्या अर्ध्या भागात एक सरळ माणूस गुन्हेगार कसा बनतो ते पायरी पायरीने दाखवलंय, घाई नाही. राजाला कोणीतरी सुचवतो की एवढ्यांना फासावर देऊन काय मिळणार, वसाहतींत मजूर पाहिजेत, विकून टाका. मग दया म्हणून नाही, पैसे म्हणून त्यांचा जीव वाचतो. जहाजात कोंबून जमैकाच्या पोर्ट रॉयलला नेतात आणि बाजारात उभं करतात.

तो बाजाराचा सीन बघा फक्त. आमच्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे व्यापारी घोड्याचा जबडा उघडून दात बघतो, पायावरून हात फिरवतो, चालवून बघतो. अगदी तेच. कर्नल बिशप म्हणून मळ्याचा मालक आहे, लायनेल अ‍ॅटविल नावाच्या नटाने केलाय, तो माणसांचे दात बघत चाललाय. डॉक्टर तोंड उघडत नाही. बिशप हात उचलतो. आणि मग त्याची पुतणी अरॅबेला, जी नुसती टाइमपास म्हणून तिथे आलीये, ती मधे बोली लावते, दहा पौंड. दहा पौंडात डॉक्टर घेऊन टाकते ती. त्याला वाचवायला घेते खरं तर, पण डॉक्टरला त्याचा रागच जास्त येतो, आणि ते मला पटलं. आपल्यावर उपकार केले त्याच्यापेक्षा आपली किंमत ठरवली हे जास्त लागतं.

मळ्यावर एक मोठं लाकडी चाक आहे, पाणी उपसायचं, त्याला माणसं जुंपलेली, घाण्याला बैल जुंपतात तशी. पळून जाणाऱ्याच्या तोंडावर तापलेल्या लोखंडाने डाग देतात. आई तेवढं बघून खाली निघून गेली, म्हणली बिबड्या झाकते.

मग गव्हर्नरचा पाय. हा पिक्चरमधला सगळ्यात विनोदी भाग अन सगळ्यात खरा पण. गव्हर्नरला गाऊट, म्हणजे पायाचा अंगठा सुजून ठणकायचा आजार, झालेला असतो, पाय पट्ट्यांत गुंडाळून स्टुलावर, आणि गावातले दोन डॉक्टर निव्वळ भोंदू, त्यांच्याने काही होत नाही. गुलामांत एक खरा डॉक्टर आहे म्हणल्यावर बोलावतात, त्याच्या हाताला गुण येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ज्या माणसाला बैलासारखं वापरत होते तो गव्हर्नरच्या बंगल्यात जायला लागतो. मोठ्या माणसाच्या पायाच्या अंगठ्यात केवढी ताकद असते बघा. आप्पा हसून हसून खोकले. त्यांना अर्ध्या रात्री जीप पाठवून कितीदा नेलंय कोणाकोणाच्या वाड्यावर, पोट दुखतं म्हणून, आणि पोटात काय तर मटण. आणि ज्याच्या मुलाला खरंच ताप चढलाय तो बिचारा सकाळपर्यंत ओट्यावर बसून. बरं त्या दोन भोंदू डॉक्टरांनाच वाटायला लागतं की हा आपलं गिऱ्हाईक खातोय, हा पळून गेला तर बरं, आणि तेच त्याला पळायला मदत करायला तयार होतात. हे असलं धंद्यातलं राजकारण चाच्यांच्या पिक्चरमधे असेल असं मला वाटलंच नव्हतं.

बरोबर या टायमाला लाइट गेली. पाऊण तास. डासांनी फोडून काढलं. ड्रायव्हर काका म्हणले पळाला असेल का तो, मी म्हणलं लाइट आल्यावर कळेल.

पळायचं ठरतं, फसतं, डॉक्टरला आता चाबकाचे फटके बसणार, आणि नेमकं तेव्हाच समुद्रातून तोफ धडाडते. स्पॅनिश जहाजाने गावावर हल्ला केलेला. स्पॅनिश लोक गाव लुटून, दारू पिऊन टुन्न, आणि त्यांच्या जहाजावर दोन चार पहारेकरी. गुलाम रात्री जाऊन तेच जहाज ताब्यात घेतात. हा भाग असा वेगात कापलाय की आमच्या गच्चीवर शिट्टी वाजली, वाजवणारी भाची होती. कर्नल बिशप सकाळी ऐटीत जहाजावर येतो आभार मानायला की कोणी गाव वाचवलं, आणि बघतो तर आपलेच विकत घेतलेले मजूर. त्याला मारत नाहीत, उचलून समुद्रात फेकतात.

आणि मग येतो करारनामा. मला विचाराल तर पिक्चरचा जीव इथेय. जहाज मिळालं, देश नाही, घर नाही, परत गेलं तर फास. तेव्हा ब्लड सगळ्यांना जमवून नियम वाचून दाखवतो. जे मिळेल ते सगळं एका सामाईक पेटीत. आधी जहाजाचा खर्च. मग जखमींची भरपाई, आणि तिचा रेट ठरलेला: उजवा हात गेला तर ६००, डावा गेला तर ५००, उजवा पाय ५००, डावा पाय ४००. चांदीची स्पॅनिश नाणी. पेटीतला माल कोणी लपवला तर त्याला ओसाड बेटावर सोडायचं, बरोबर पाण्याची बाटली, एक पाव आणि एकच गोळी भरलेलं पिस्तूल. पकडलेल्या बाईवर हात टाकला तर हीच शिक्षा. ड्युटीवर दारू प्यायला तरी हीच.

हे रेट लेखकाच्या डोक्यातून आलेले नाहीत बरं का. १७ व्या शतकात कॅरिबियनमधल्या चाच्यांबरोबर एक्सक्वेमेलिन नावाचा एक वैद्य होता, त्याने नंतर त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्यात असेच हातापायाचे भाव लिहून ठेवलेत. म्हणजे बघा ना, चोरांच्या जहाजावर लेखी इन्शुरन्स. ड्रायव्हर काका एसटीत ३० वर्ष काढून रिटायर व्हायला आलेत, ते म्हणले हे आमच्याकडे लावा. आप्पा वेगळ्याच गोष्टीवर अडकले, "डाव्या हातले शंभर कमी काबर?" मी म्हणलं आप्पा तलवार उजव्या हातात धरतात म्हणून असेल. ते म्हणले आणि डावखुरा असेल तर? मला उत्तर नाही आलं. बायकोला विचारलं तर ती म्हणली तुम्ही दोघं पिक्चर बघा गुपचूप.

आता हिरो. एरल फ्लिन. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा पोरगा, वय २६, हॉलीवूडमधे कुणी ओळखत नव्हतं. त्याच वर्षी आलेल्या एका पिक्चरमधे त्याचं काम म्हणजे जवळपास प्रेताचंच होतं. ब्लडच्या रोलसाठी आधी रॉबर्ट डोनॅट ठरला होता, तो मोठा नट, तो आला नाही, म्हणून लॉटरी याला लागली. आणि पिक्चर बघताना ते कळतं पण. सुरुवातीला जरा अवघडलेला वाटतो, डायलॉग पाठ केल्यासारखे, हात कुठे ठेवायचे कळत नाही. मग जसजसा पिक्चर पुढे जातो तसतसा माणूस खुलत जातो, जहाजावर दोरी धरून उभा राहिला की वाटतं हा जन्मला तिथेच. गोष्टीतला डॉक्टर चाचा बनतो आणि पडद्यावर नवखा पोरगा स्टार बनतो, दोन्ही एकदमच. ठरवून करायचं म्हणलं तरी झालं नसतं.

अरॅबेला म्हणजे ऑलिव्हिया डी हॅविलँड, तेव्हा फक्त १९ वर्षांची. या बाई २०२० मधे वारल्या, १०४ व्या वर्षी, म्हणजे या पिक्चरमधले बहुतेक सगळे गेल्यावर कितीतरी वर्षं त्या होत्या. दोघांनी पुढे मिळून ८ पिक्चर केले, पहिला हाच. पण खरं सांगू का, लव्हस्टोरी मला निम्मी पटली. दोघं भेटले की भांडतात ते भारी, पण दुसऱ्या अर्ध्या भागात तिला रुसणं आणि डोळे पुसणं सोडून फार काही ठेवलेलं नाही. पहिल्या भागात काकाच्या तोंडावर बोली लावणारी पोरगी नंतर नुसती खिडकीत उभी. एक गोष्ट मात्र झकास जमवलीये. मधे एक फ्रेंच चाचा लव्हासूर तिला पकडतो आणि ब्लड तिला त्याच्याकडून मोती मोजून विकत घेतो. म्हणजे आता ती विकली गेली आणि तो गिऱ्हाईक. ती चिडते, आणि तो जे मनात ठेवून होता ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. भाची लगेच म्हणली मामा, फिट्टमफाट झाली. बरोबर.

लव्हासूर केलाय बॅझिल रॅथबोननी, जो पुढे शेरलॉक होम्स म्हणून गाजला. दोघांची समुद्रकिनाऱ्यावरची तलवारबाजी हा पिक्चरचा सगळ्यात फेमस तुकडा. खडक, ओली वाळू, लाटा पायाशी, आणि दोघं खाली वर पळत लढतायत. गंमत अशी की खऱ्या आयुष्यात रॅथबोन फ्लिनपेक्षा कितीतरी चांगला तलवारबाज होता, रीतसर शिकलेला, आणि पडद्यावर मात्र जवळजवळ दरवेळी त्यालाच हरावं लागायचं. हे माहीत असलं की त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा, मनगट बघा नुसतं, कुठे घाई नाही. फ्लिनचं सगळं खांद्यातून. तरी आपण फ्लिनकडेच बघतो, त्याला काय करणार. मला वाटलं होतं दहा मिनिटं चालेल, पण लवकर संपते ही लढाई. आजकालच्या पिक्चरमधे अर्धा तास मारामारी चालते आणि कोणाला लागलेलं दिसत नाही, इथे थोडक्यात आहे पण संपल्यावर जो पडलाय तो पडलाय, लाट येऊन त्याच्या तोंडावरून जाते.

डायरेक्टर मायकल कर्टिझ, मूळचा हंगेरीचा, पुढे 'कॅसाब्लँका' केला तोच. या माणसाला सावल्यांचा भारी नाद. भिंतीवर सावली आधी येते, माणूस नंतर. आमच्या चादरीवर सुरकुत्या होत्या आणि वाऱ्याने ती हलायची, तर त्या सावल्या अजूनच जिवंत वाटायच्या, जहाजावर तर काय विचारूच नका, चादर फडफडली की शीड फडफडलं. हा इफेक्ट तुम्हाला घरच्या टीव्हीवर मिळणार नाही.

संगीत कॉर्नगोल्ड नावाच्या व्हिएन्नाच्या माणसाचं. टायटललाच असे बिगुल वाजतात की ड्रायव्हर काका बसल्याजागी ताठ झाले. तीन आठवड्यात केलंय म्हणे सगळं, आणि वेळ पुरेना म्हणून एका ठिकाणी लिस्ट नावाच्या जुन्या संगीतकाराची रचना वापरली, आणि तेवढ्यासाठी या भल्या माणसाने पडद्यावर आपलं नाव संगीतकार म्हणून येऊ दिलं नाही, नुसतं म्युझिकल अरेंजमेंट लिहायला लावलं. आमच्याकडे अख्खी चाल उचलून वर पुरस्कार घेतात. साउंडसाठी मंडपवाल्याचा एकच स्पीकर होता, त्याला हळदीच्या गाण्यांची सवय, तोफ उडाली की ढोलकीसारखा वाजायचा, तरी मजा आली.

तक्रारी आहेत, त्या पण लिहितो.

एक म्हणजे जहाजं. जवळून दाखवतात ती खरीखुरी वाटतात, पण लांबून दाखवलेली बरीचशी मॉडेलं आहेत आणि ते कळतं, पाण्याचा थेंब जहाजाच्या मानाने फार मोठा दिसतो. काही शॉट तर जुन्या मुक्या पिक्चरमधून उचलून मधे चिकटवलेत, १९२४ च्या 'द सी हॉक' मधून, फिल्मचा पोत बदलतो लगेच. ९० वर्षांपूर्वीचं आहे म्हणून माफ, पण भाची दोनदा म्हणली मामा टबमधे शूट केलंय का.

दुसरी तक्रार मोठी आहे. त्या काळच्या जमैकात मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून हजारोंनी माणसं धरून आणलेली होती. पिक्चरमधे गुलाम म्हणून दिसतात ते जवळजवळ सगळे गोरे इंग्रज कैदी. ते पण विकले गेले हे खरंय, पण त्यांचं बंड, त्यांची सुटका, त्यांचा सूड, आणि बाकीचे कुठे गेले? शेवटी त्याच बेटावर यांचा सत्कार होतो, आणि ते पाण्याचं चाक आता कोण फिरवतंय ते कोणी विचारत नाही. मला ते नंतर झोपताना आठवलं, बघताना नाही, म्हणजे पिक्चरने तेवढं गुंगवलं होतं हे पण खरं.

तिसरं, शेवट. आता ९० वर्षांनी काय स्पॉइलर, तरी अर्धवटच सांगतो. इंग्लंडात राजा बदलतो, जेम्स जाऊन विल्यम येतो, आणि एका लॉर्डकडून ब्लडला निरोप येतो की सगळं माफ, नेव्हीत ये. ज्याला सरकारने चोर बनवलं त्याला सरकारच साहेब बनवतं. शेवटची समुद्री लढाई त्यासाठीच, एक जहाज दोन फ्रेंच जहाजांवर, धूर, दोऱ्या, डोलकाठ्या मोडून पडतात, बघायला एकदम कडक. पण मला तो बदल फार गुळगुळीत वाटला. एवढा करारनामा, एवढी ती सामाईक पेटी, आणि एका कागदावर सगळे परत राजाचे? कोणीतरी एक खलाशी तरी म्हणायला पाहिजे होता की मी नाही येत. अगदी शेवटचा डायलॉग मात्र एवढासाच आहे आणि तो ऐकून आप्पांनी मांडीवर थाप मारली, तो सांगणार नाही.

हे गुळगुळीत का वाटलं ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल हा उगाच खोड काढतो. आपल्या भागात ही गोष्ट दोन्ही बाजूंनी घडून गेलीये. सातपुड्यातल्या भिल्लांना इंग्रजांनी आधी जंगलं अन हक्क काढून घेऊन चोर दरोडेखोर ठरवलं, मग आवरेनात म्हणून १८२५ मधे औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली खानदेश भिल्ल कोअर उभी केली, धरणगावला, म्हणजे आमच्या अमळनेरच्या शेजारी. कालचा दरोडेखोर आज बंदूक घेऊन सरकारी पहाऱ्यावर. हा झाला पिक्चरमधला शेवट. आणि दुसरी बाजू खाज्या नाईक, सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, नोकरीतला माणूस, तो १८५७ ला उलटला आणि सरकारी खजिना लुटला. तिथे माफीचं पत्र आणि गव्हर्नरची खुर्ची नव्हती, इंग्रज फौजेशी अंबापाणीची लढाई होती. डॉक्टर ब्लड गोरा होता, शिकलेला होता, त्याला लॉर्डसाहेब शोधत आले. आप्पांना हे बोललो तर ते म्हणले पिक्चर आहे, शाळा नाही. बरं.

अजून एक, हे तर मला लिहायला घेतल्यावरच लक्षात आलं. आम्हाला समुद्र म्हणजे शाळेची दापोलीची सहल, एरवी बोरी नदी, जिच्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त आणि वैशाखात तिच्याच पात्रात सखाराम महाराजांची यात्रा. पण याच काळात, म्हणजे पिक्चरमधल्याच काळात, बऱ्हाणपूरचं कापड चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूर करत बैलगाड्यांनी सुरतेला जायचं, टॅव्हर्निए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने हाच रस्ता गाववार लिहून ठेवलाय. आणि १६९५ मधे हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परत येणारं औरंगजेबाचं गंज-इ-सवाई जहाज लुटलं. ती लूट कॅप्टन ब्लडच्या नियमांनी झाली नव्हती, जहाजावर बाया होत्या आणि त्यांचे जे हाल केले ते वाचवत नाही. इकडे आपल्या कान्होजी आंग्रेंना पण इंग्रज चाचाच म्हणायचे, आणि ते होते मराठ्यांचे सरखेल. तेव्हा चाचा कोण हे बहुतेक वेळा कागद कोण लिहितोय त्यावर असतं. आणि ते पोर्ट रॉयल, पिक्चरमधलं, ते १६९२ च्या जूनमधे भूकंपात निम्म्याहून जास्त समुद्रात गेलं. म्हणजे पिक्चर जिथे संपतो त्यानंतर चार वर्षात त्या गव्हर्नरच्या गावाचं काय झालं ते इतिहासाने वेगळंच लिहून ठेवलं होतं.

डिस्कबद्दल राहिलंच. चित्र स्वच्छ आहे, एवढ्या जुन्या मानाने खूपच. सबटायटल इंग्रजीचे आहेत, मराठी हिंदी काही नाही, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना दाखवायचं तर एकाने कॉमेंट्री करायची तयारी ठेवा. वर एक्स्ट्रा म्हणून १९३५ साली थिएटरात मेन पिक्चरच्या आधी काय काय दाखवायचे, न्यूजरील, कार्टून, ट्रेलर, तसं सगळं लावून दिलंय, आपल्याकडे भारतीय समाचार चित्र लागायचं तसं. आप्पांना ते फारच आवडलं, त्यांना यात्रेतल्या तंबूतली टॉकीज आठवली, जिथे मधला पडदा अर्धा आणि मागून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसायचं अन त्याला तिकीट कमी. रंगीत केलेली कॉपी पण कुठेकुठे फिरते, ती घेऊ नका, सावल्यांची वाट लावलीये.

मार्क द्यायचे तर मी पाचापैकी चार देतो, पहिला अर्धा भाग पाच, नंतरचा साडेतीन, सरासरी तुम्ही काढा. मारामारीसाठी बघणार असाल तर धीर धरा. घरात कोणी दवाखान्यात नोकरी केलेलं असेल तर त्यांना आधी बसवा.

पुढच्या रविवारी मंडपवाला स्वतःच म्हणला मला पण दाखव, पण मधल्या काळात भाचीने आपल्याकडची रीजन ५ ची एक कार्टूनची डिस्क घातली होती आणि मामाला न विचारता ओके दाबलं होतं. चाराचे तीन. मग ब्लडसाठी परत बदललं, तीनाचे दोन. आता लॅपटॉपवर चिठ्ठी चिकटवलीये की कोणीही काहीही विचारलं तरी नो दाबणे. आप्पांनी त्याखाली पेनाने लिहिलंय, डावा हात ५००.